एका वाळूची अनेक पेवं : त्रिभुज प्रदेशातले कप्पेबंद तेलसाठे कसे सांभाळावेत

तेल कंपनीत नोकरी लागली की सांगलीतली काही इंजिनिअर पोरं निघण्याआधी मला भेटायला येतात. मी त्यांना गाडीवर बसवून हरिपूरला नेतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या रानात हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, होती. वरून पाहिलं तर सपाट जमीन. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली मडक्यासारखं फुगलेलं पोट. २००५ च्या महापुरात त्यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि व्यापारी गोदामांकडे वळले, तरी दाखवायला जागा तीच बरी. शेजारशेजारच्या दोन पेवांत काही पावलांचं अंतर असतं, पण एक उपसलं म्हणून दुसरं रिकामं होत नाही. एकात पाणी शिरलं तरी दुसऱ्यातली हळद कोरडी राहू शकते. वरून हे काहीच कळत नाही.

नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूचा खडक झाला आणि त्यात तेल किंवा गॅस अडकला, की बहुतेक वेळा अशीच पेवं तयार होतात. नकाशावर एकच मोठं क्षेत्र दिसतं, खाली मात्र दहा-वीस कप्पे असतात. काही कप्पे पूर्ण बंद, काही गळके. अशा साठ्याचं काम कसं करायचं ते इथे क्रमाने लिहितो. सगळ्या पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. प्रेशर आणि हिशोब या दोन पायऱ्यांवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण पैसा तिथेच बुडतो.

माझी उमेदीची वर्षं गुजरातेत, खंबायतच्या खोऱ्यात गेली. अंकलेश्वर १९६० मध्ये सापडलं, गंधार १९८० च्या दशकात. दोन्हीकडची मुख्य वाळू हजाद नावाची. चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या पूर्वज नदीने समुद्राच्या तोंडाशी आणून टाकलेली. गंधारमध्ये तिचे एकावर एक डझनभर थर आहेत, त्यांना जीएस-१, जीएस-२ असे नंबर दिलेत. मजा अशी की या सगळ्या खोऱ्याचा तळ म्हणजे आपल्याच सातारा-सांगलीचा काळा पाषाण. इथे ज्यावर आपण बोअर मारतो, तो तिथे तेलाच्या वाळूखाली पार तळाला जाऊन बसलाय.

पायरी पहिली : भिंत कशाची आहे ते ओळखा

आपली कृष्णा महाबळेश्वरला निघून सुमारे १,४०० किलोमीटर वाहते आणि आंध्रात हंसलदीवीच्या बाजूला समुद्राला मिळते. तिथे तिला फाटे फुटतात. प्रत्येक फाटा आपल्या तोंडाशी वाळूचा एक दांडा टाकतो. दांडा वाढत वाढत वाट अडवतो, मग नदी बाजूला वळते आणि नवा दांडा टाकायला लागते. जुन्यावर चिखल बसतो. हे हजारो वर्षं चालतं. म्हणून त्रिभुज प्रदेशातली वाळू एकसंध गादीसारखी नसते. एकमेकींना टेकलेल्या, मध्ये चिखलाचं पांघरूण असलेल्या अनेक जिभा असतात त्या.

या रचनेत भिंती तीन प्रकारच्या येतात.

पहिली चिखलाची, म्हणजे शेलची. दोन जिभांमधला समुद्री शेल मैलोन्‌मैल पसरलेला असेल तर तो पक्की आडवी भिंत. एकाच दांड्याच्या आतले, समुद्राकडे उतरत जाणारे पातळ शेल मात्र सलग नसतात. ते प्रवाह थांबवत नाहीत, वाकडा करतात. सोडून दिलेला नदीचा फाटा चिखलाने बुजला असेल तर तो वाळू मधोमध कापणारी उभी भिंत ठरतो.

दुसरी सिमेंटची. वाळूच्या कणांमध्ये कॅल्साइट बसून अर्धा-एक मीटरचा टणक पट्टा होतो. लॉगवर, म्हणजे विहिरीत उपकरण उतरवून घेतलेल्या थरांच्या आलेखावर, तो दिसतो, पण पुढच्या विहिरीपर्यंत जातो की मध्येच विरतो, हे लॉग सांगत नाही. याचा फार बाऊ करू नये आणि विसरूही नये.

तिसरी भ्रंशाची. आम्ही रोजच्या बोलण्यात फॉल्टच म्हणतो. त्रिभुज प्रदेशात मऊ चिखलावर वाळूचा भार पडत राहतो, जमीन समुद्राच्या बाजूला घसरते आणि गाळ साचत असतानाच फॉल्ट वाढत जातात. नायजर नदीच्या मुखाशी असलेली तेलक्षेत्रं अशाच फॉल्टांनी चिरलेली आहेत. फॉल्टच्या एका बाजूच्या वाळूसमोर दुसऱ्या बाजूचा शेल आला तर भिंत आपोआप होते. वाळूसमोर वाळू आली तरी निर्धास्त राहू नका. सरकताना शेल घासला जाऊन फॉल्टच्या फटीत लिंपला जातो, शेणाने भिंत सारवावी तसा.

त्या सारवणाचा अंदाज घेण्याची रीत सोपी आहे. त्या जागेवरून जेवढा थर सरकून गेला त्यात चिकणमातीचा वाटा किती, ते काढायचं. समजा फॉल्टची सरक ४० मीटर आहे. त्यात १० मीटर शेल, ८० टक्के चिकणमातीचा, आणि ३० मीटर वाळू, १० टक्के चिकणमातीची. म्हणजे ८ अधिक ३, एकूण ११ मीटर चिकणमाती. ११ भागिले ४०, साडेसत्तावीस टक्के. याला एसजीआर (शेल गाऊज रेशो) म्हणतात. साधारण १५ ते २० टक्क्यांच्या वर गेलं की फॉल्ट अडवायला लागतो असा अनुभव आहे. हा आकडा म्हणजे संशय घेण्याचं कारण. निकाल देण्याआधी आपल्याच क्षेत्रातल्या प्रेशरशी तो ताडून पाहायचा.

सिस्मिकवर, म्हणजे जमिनीत ध्वनिलहरी सोडून काढलेल्या चित्रावर, फॉल्ट दिसत नाही म्हणून तो नाही, असं धरू नका. त्या खोलीवर लहरीचा वेग सेकंदाला ३,००० मीटर आणि फ्रीक्वेन्सी ३० हर्ट्झ असेल, तर लहर १०० मीटर लांबीची झाली. तिचा चौथा हिस्सा २५ मीटर. त्याहून लहान सरक स्वच्छ दिसणं कठीण. तुमची वाळू ८ मीटर जाडीची असेल, तर १० मीटरचा न दिसणारा फॉल्ट तिचे सरळ दोन तुकडे करतो.

पायरी दुसरी : वरच्याला वरचा जोडू नका

दोन विहिरींचे लॉग शेजारी ठेवले की नवशिक्याचा हात आपोआप वरच्या वाळूकडून वरच्या वाळूकडे रेघ ओढतो. कप्पे नजरेआड होण्याचं हे सर्वांत मोठं कारण.

दांड्याच्या आतले थर समुद्राकडे कललेले असतात. उतार फक्त १ अंशाचा धरला तरी एका किलोमीटरवर तो १७ मीटरहून जास्त खाली जातो. म्हणजे किलोमीटरभर अंतरावरच्या दोन विहिरींत एकाच उंचीवर दिसणाऱ्या वाळू वेगवेगळ्या जिभा असू शकतात. म्हणून आधी समुद्र आत शिरल्याच्या खुणा शोधा. गॅमा लॉगवर (खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग दाखवणारा लॉग) उंच उठणारा, सगळ्या विहिरींत सापडणारा शेलचा पट्टा घ्या आणि रेघ त्यावर ओढा. त्या दोन रेघांच्या मध्ये काय चाललंय ते नंतर, तिरप्या रेघांनी.

लॉगच्या आकाराकडेही बघा. तो नरसाळ्यासारखा खाली अरुंद आणि वर रुंद होत गेला, म्हणजे वर जाता जाता वाळू भरड झाली, तर तो मुखाचा दांडा. खाली भरड आणि वर बारीक, घंटेसारखं, तर तो फाट्यात साचलेला. हा फरक पुढे तेल रेटायला वाळूत पाणी सोडताना, म्हणजे इंजेक्शन करताना, फार कामाला येतो. दांड्यात चांगली वाळू वर असते आणि पाणी जड म्हणून खाली ओढलं जातं, त्यामुळे पाण्याची आघाडी बऱ्यापैकी सरळ चालते. फाट्यातल्या वाळूत चांगला भागच तळाशी असतो. पाणी तळातून पळतं आणि वरचं तेल मागे राहतं. एकाच थरात दोन्ही प्रकार असतील तर इंजेक्शनचा एकच नियम दोघांना लावू नका.

पायरी तिसरी : उत्पादन सुरू होण्याआधी प्रेशर घ्या

प्रेशर हा या धंद्यातला सर्वांत खरा साक्षीदार, पण त्याची पहिली साक्ष एकदाच मिळते. तेल काढायला सुरुवात झाली की ती स्थिती पुन्हा येत नाही. म्हणून सुरुवातीच्या प्रत्येक विहिरीत, प्रत्येक वाळूत फॉर्मेशन टेस्टरने, म्हणजे विहिरीत उतरवून थराचं प्रेशर मोजणाऱ्या उपकरणाने, बिंदू घ्या. एका थरात किमान तीन. रिगचे भाडे वाचवायला म्हणून हे टाळणाऱ्या वरिष्ठांशी भांडा.

वाचन असं करायचं. खोलीच्या दर मीटरला पाण्यात प्रेशर सुमारे ०.१ किलो वाढतं, तेलात ०.०७ ते ०.०८, गॅसमध्ये त्याहून खूपच कमी. किलो म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर, फील्डवर सगळे तेवढंच म्हणतात. समजा ‘अ’ विहिरीत समुद्रसपाटीखाली २,७०० मीटरला, तेलात, २७२ किलो मिळाले. तेलाचा उतार ०.०७५. ‘ब’ विहिरीत त्याच वाळूत २,७२० मीटरला किती हवेत? २० गुणिले ०.०७५ म्हणजे दीड. २७३.५ यायला हवेत. मिळाले २७७.५. अजून कुठूनच तेल काढलेलं नाही आणि ४ किलोचा फरक आहे. मध्ये भिंत आहे, आणि ती लाखो वर्षं टिकलेली आहे.

पण फरक सापडला की लगेच पेन्सिल उचलू नका. आधी स्वतःची चूक शोधा. माझ्याच एका प्रकल्पात, कुठला ते राहू द्या, दोन विहिरी वेगवेगळ्या रिगने खणल्या होत्या. रिगच्या मजल्यांच्या उंचीत ६ मीटरचा फरक होता आणि खोली मात्र एकाच उंचीवरून मोजल्यासारखी तक्त्यात चढली. ६ गुणिले ०.०७५ म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. त्या अर्ध्या किलोपायी नकाशावर एक फॉल्ट काढला गेला. त्याला नाव मिळालं, त्याच्यावर चर्चा झाली, आणि आठ महिन्यांनी एका शिकाऊ मुलीने रजिस्टर चाळताना तो पुसला. तेव्हा सगळी खोली समुद्रसपाटीपासून, आणि तिरक्या विहिरीत उभी खोली, हे आधी. कमी पारगम्यतेच्या, म्हणजे द्रव सहज वाहू न देणाऱ्या, जागी टेस्टरला खणताना विहिरीत फिरवलेल्या चिखलाच्या पाण्याचं वाढीव प्रेशर लागतं आणि आकडा फुगतो. ते बिंदू सरळ वगळा. वेगवेगळ्या गेजचे (प्रेशर मोजणाऱ्या मापकांचे) आकडे एकत्र करण्याआधी गेज एकमेकांशी जुळवून घ्या.

उत्पादन सुरू झाल्यावर नवी विहीर पडली की प्रेशर दुसऱ्या प्रकारे बोलतं. ‘अ’ मधून तीन वर्षं तेल काढून तिथे २१० किलो उरले. आता ‘क’ विहीर पडली. तिथे २७५ मिळाले तर भिंत पक्की. २१२ मिळाले तर दार उघडं. २४० मिळाले तर? इथे बहुतेकजण ‘गळका फॉल्ट’ लिहून मोकळे होतात. असू शकतो. पण दोन्ही कप्प्यांच्या खाली एकच पाण्याचा साठा असेल, तर प्रेशर पाण्यातून उतरतं आणि तेल मात्र आपापल्या जागीच राहतं. हरिपुरात दोन पेवांच्या तळाशी एकच ओल पोहोचावी तसं. अशा वेळी ‘अ’ मधून ‘क’ चं तेल कधीच निघणार नाही. हे लक्षात न आल्याने विहिरी न खणलेले कप्पे मी पाहिलेत.

पायरी चौथी : तेल आणि पाण्याची ओळखपरेड

दोन कप्प्यांतल्या तेलाची घनता, त्यातला गॅस, क्रोमॅटोग्राफवरचे (तेलातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) बारीक शेंडे, पाण्यातला क्षार, स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण, हे सगळं तपासता येतं आणि तपासावंच. कोअर, म्हणजे विहिरीतून कापून काढलेला खडकाचा नमुना, असेल तर त्यात वाळून राहिलेल्या मिठावरूनही जुन्या पाण्याचा माग लागतो.

फक्त पुराव्यांची प्रतवारी विसरू नका. जोडलेल्या वाळूत प्रेशर फार लवकर समान होतं. घनतेतला फरक मिटायला हजारो वर्षं लागतात. तेलातली रासायनिक घडण एकजीव व्हायला लाखो वर्षंही पुरत नाहीत. म्हणून तेल वेगळं निघालं एवढ्यावर भिंत सिद्ध होत नाही, कदाचित ते अजून मिसळतच असेल. प्रेशर वेगळं निघालं तर मात्र भिंत सिद्ध होते. आणि दोन्ही समान निघाले तर काहीच सिद्ध होत नाही. दोन शेजारच्या पेवांत एकाच शेतातली हळद भरलेली असू शकते.

तेल-पाण्याची पातळी वेगळी निघाली तरी हाच सावधपणा. बारीक वाळूत पाणी केशाकर्षणाने वर चढून बसतं आणि पातळी उंच दिसते. कुठे खोलगटात अडकलेलं पाणी सापडतं आणि ते साठ्याचा तळ वाटतं.

पायरी पाचवी : विहीर बंद ठेवून ऐका

विहीर वाहती ठेवून मग बंद करायची आणि प्रेशर कसं चढतं ते पाहायचं. हीच बिल्ड-अप टेस्ट, सगळ्यांना माहीत असलेली. कप्प्यांसाठी तिच्यात तीन खुणा बघा. जवळ एकच भिंत असेल तर सेमीलॉग रेघेचा (वेळ लॉगरिदमच्या मापावर मांडलेल्या आलेखातल्या रेघेचा) उतार दुप्पट होतो. दोन समांतर भिंतींमध्ये, म्हणजे चिंचोळ्या फाट्यात, डेरिव्हेटिव्ह, म्हणजे प्रेशरच्या बदलाचा आलेख, अर्ध्या उताराने चढतो. चहूबाजूंनी बंद असेल तर लांबलेल्या ड्रॉडाउनमध्ये, म्हणजे विहीर बराच काळ वाहती असताना, प्रेशर एकाच दराने सरळ खाली जात राहतं.

अडचण वेळेची असते. ५० मिलिडार्सी पारगम्यतेची वाळू, २० टक्के सच्छिद्रता, साधं पातळ तेल, अशा ठिकाणी २४ तासांत टेस्टची नजर साधारण २०० मीटरपर्यंत पोहोचते. ४०० मीटर बघायचं असेल तर २४ चे ४८ तास करून भागत नाही, ९६ लागतात. अंतर दुप्पट, वेळ चौपट. हे गणित टेस्टच्या आधी करा. नाहीतर ‘भिंत दिसली नाही’ असा अहवाल जातो आणि वाचणारा ‘भिंत नाही’ असं समजतो.

शेजारच्या बंद विहिरीत गेज सोडून ठेवण्याची, म्हणजे इंटरफेरन्स टेस्टची, संधी मिळाली तर सोडू नका. एकीचा दर बदलला आणि दुसरीत सुई हलली, यापेक्षा थेट पुरावा नाही. सुई हलली नाही तर मात्र पुरेसे दिवस थांबलो होतो का, हे आधी तपासा.

पायरी सहावी : प्रत्येक पेवाची वेगळी खतावणी

व्यापाऱ्याची प्रत्येक पेवाची वेगळी नोंद असते, कुणाचा माल, किती पोती, कधी भरला. तेलक्षेत्रात मात्र सर्रास अख्ख्या क्षेत्राची एकच वही असते. ती आधी फाडा.

हिशोब दोन बाजूंनी करायचा. एक नकाशावरून : क्षेत्रफळ, जाडी, सच्छिद्रता, तेलाचा वाटा. दुसरा प्रेशरवरून : किती काढल्यावर किती उतरलं. समजा एका कप्प्यातून २०,००० घनमीटर तेल काढल्यावर सरासरी प्रेशर ५० किलोने उतरलं, आणि अजून आपण बबल पॉइंटच्या, म्हणजे तेलातून गॅस सुटायला लागतो त्या प्रेशरच्या, वर आहोत. तेल, पाणी आणि खडक मिळून दर किलोला ०.०००२ इतका प्रसरणाचा वाटा धरा. ५० गुणिले ०.०००२ म्हणजे ०.०१. मूळ साठ्याचा शंभरावा हिस्सा निघालाय, तर साठा २० लाख घनमीटरचा. आता नकाशा काढून बघा. नकाशा ६० लाख म्हणतोय. दोन्ही बरोबर असू शकतात. नकाशातल्या तेलाचा तिसरा हिस्साच या विहिरीला जोडलेला आहे. बाकीचे ४० लाख भिंतीपलीकडे बसलेत आणि ते तुमची पुढची विहीर आहेत.

या ढोबळ गणितात दोन खड्डे आहेत. बाहेरून पाणी मदतीला येत असेल तर साठा फुगून दिसतो. आणि प्रेशर पुरेसा वेळ विहीर बंद ठेवून घेतलेलं नसेल तर तो आक्रसून दिसतो. दुसरी चूक मी जास्त पाहिली, कारण उत्पादन बंद ठेवायला कुणाचंच मन होत नाही.

गॅसच्या कप्प्यात प्रेशर भागिले झेड (खरा गॅस आदर्श गॅसपेक्षा किती वेगळा वागतो ते सांगणारा गुणांक) आणि एकूण काढलेला गॅस यांचा आलेख मांडा. बंद पेवाची रेघ सरळ येते. सुरुवातीला तीव्र उतरून नंतर रेघ सपाट व्हायला लागली, तर शेजारच्या कप्प्यातून हळूहळू गॅस झिरपतोय असा संशय घ्या. अशा गळक्या भिंती वाईटच असतात असं नाही. शेजारी वेगळी विहीर खणण्याचा खर्च त्या वाचवतात, फक्त घाई करू नये. दर कमी ठेवला तर भिंतीपलीकडचा गॅस येतो, ओरबाडला तर तोवर विहिरीत पाणी चढतं.

संगणकावरचं मॉडेल या पायरीनंतर. फॉल्टवर पारगमनाचा गुणांक, म्हणजे तो किती प्रवाह जाऊ देतो तो आकडा, बसवून प्रेशर-उत्पादनाचा आजवरचा इतिहास जुळवता येतो, आणि तोच मोह घातक आहे. ०.०१ बसवला, जुळलं. का जुळलं ते कुणी विचारत नाही. माझा नियम असा होता की प्रत्येक गुणांकाशेजारी एक ओळ लिहायची : कोणत्या मोजमापावरून. ओळ रिकामी असेल तर त्या फॉल्टसाठी दोन मॉडेल, एक बंद आणि एक उघडं, आणि विहिरीचा निर्णय दोन्हींत तपासायचा.

पायरी सातवी : विहिरी आणि पाणी, कप्प्यागणिक

आता खर्चाची गोष्ट. प्रत्येक कप्प्याला विहीर परवडत नाही. आधी एका विहिरीचा खर्च भरून निघायला किती तेल लागतं तो आकडा काढा आणि त्याखालचे कप्पे बाजूला ठेवा. ते कप्पे सोडायचे नसतात. वरच्या किंवा खालच्या थरासाठी विहीर जाणारच असेल तर तिचा मार्ग थोडा वाकवून ते वाटेत घेता येतात. जुन्या विहिरीतून साइडट्रॅक, म्हणजे बाजूला नवा फाटा, काढूनही.

आडव्या विहिरीचं वेड आवरा. एकावर एक पातळ वाळू आणि मध्ये शेल असेल तर आडवी विहीर एकाच जिभेत झोपून राहते. तिथे ६०-७० अंशात तिरकी गेलेली विहीर सगळ्या जिभा कापते. आडवी विहीर शोभते ती उभे फॉल्ट ओलांडायला, जिथे एकाच थराचे शेजारी शेजारी तुकडे झालेत.

अनेक कप्पे एकाच विहिरीत एकदम उघडले तर जास्त प्रेशरचा कप्पा कमी प्रेशरच्या कप्प्यात ओततो, विशेषतः विहीर बंद असताना. त्यामुळे एक तर पॅकर (विहिरीत बसवायचं बूच) लावून थर वेगळे ठेवा, स्लायडिंग स्लीव्हने (सरकत्या झडपेने) एकेक उघडबंद करा, किंवा खालून वर येत एकेक थर संपवा. तिसरी रीत संथ आहे, पण हिशोब स्वच्छ राहतो.

पाणी सोडताना पहिला प्रश्न एकच : इंजेक्टर आणि उत्पादक विहीर एकाच पेवात आहेत ना? पाण्यात ट्रेसर (माग काढता येईल असं द्रव्य) टाकून बघा, दर बदलून बघा. आणि भरपाईचा आकडा क्षेत्राचा नको, कप्प्याचा काढा. जेवढं द्रव काढलं तेवढं पाणी घातलं, भरपाई १.०, असा क्षेत्राचा अहवाल फार सुंदर दिसतो. आत बघितलं तर एका कप्प्यात १.८ आणि दुसऱ्यात ०.२. पहिल्यात प्रेशर वाढून खडक तडकण्याची किंवा फॉल्ट सरकून केसिंग (विहिरीचं पोलादी अस्तर) वाकण्याची भीती. दुसऱ्यात प्रेशर बबल पॉइंटखाली जाऊन गॅस सुटतो आणि तेल मागे राहतं. सरासरी मात्र उत्तम. जत तालुक्यात उन्हाळ्यात टँकर चालू असतात आणि जिल्ह्याच्या पावसाची सरासरी ठीक असते, त्यातलाच प्रकार.

खणणाऱ्या लोकांनाही कप्प्यांचा नकाशा द्या, हे फार ठिकाणी राहून जातं. २,७०० मीटरला मूळ प्रेशरचा कप्पा २७५ किलोचा आहे आणि शेजारचा उपसून १८० वर आलाय. मूळ कप्प्यासाठी १.१० घनतेचा चिखल धरला तर त्या खोलीवर तो २९७ किलो देतो. उपसलेल्या वाळूवर ११७ किलो जादा. पाइप भिंतीला चिकटणार किंवा चिखल वाळूत गडप होणार. उलट उपसलेलं समजून चिखल हलका ठेवला आणि कप्पा भरलेला निघाला, तर किक, म्हणजे तेल-गॅस उसळून विहिरीत घुसणं. दोन्ही प्रकारांत माणसांच्या जिवाशी गाठ असते.

पायरी आठवी : वही रोज उघडा

कप्प्याच्या प्रत्येक पानावर चार गोष्टी चढत राहाव्यात : काढलेलं तेल-गॅस-पाणी, घातलेलं पाणी, शेवटचं खरं बंद प्रेशर आणि त्याची तारीख, आणि भिंतींबद्दलचं आजचं मत. मत बदललं तर जुनं खोडू नका, खाली नवं लिहा. पाच वर्षांनी नवा माणूस येतो तेव्हा त्याला आकड्यांपेक्षा मत का बदललं ते हवं असतं.

भिंती कायमच्या असतात असंही नाही. दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक वाढत गेला की लाखो वर्षं थोपवून धरलेला फॉल्ट उत्पादनाच्या काळात गळायला लागू शकतो. एखाद्या उत्पादक विहिरीत अचानक पाणी वाढलं, गॅसचं प्रमाण बदललं किंवा प्रेशर उतरायचं थांबलं, तर आधी शेजारच्या कप्प्याचं पान उघडा.

आणि जुनी विहीर बुजवायचा कागद सहीला आला की सही करण्याआधी तिच्यात एकदा गेज सोडा. महिनोन्‌महिने बंद पडलेल्या विहिरीइतकं शांत, खरं प्रेशर दुसरीकडे मिळत नाही. माझ्या शेवटच्या वर्षात अशाच एका सोडून दिलेल्या विहिरीत ११ वर्षांनी गेज उतरवला. शेजारच्या विहिरी निम्म्यावर आल्या होत्या. तिथे मूळ प्रेशर जसंच्या तसं होतं, आणि ते पेव अजून कुणी उघडलेलंच नव्हतं.